ओळ आधी, नाव शेवटी: मुलांकडून कवितेच्या संज्ञांची उजळणी कशी करून घ्यावी

‘उपमा म्हणजे काय?’ असं विचारलं की व्याख्या धडाधड येते. उपमेय, उपमान, साम्य, सगळं पाठ असतं. मग एखादी न वाचलेली कविता समोर ठेवून ‘यात उपमा कुठे आहे, बोट ठेव,’ म्हटलं की तीच मुलं गप्प होतात, किंवा अंदाजाने एकेक नाव घेत सुटतात: ‘यमक? रूपक? अनुप्रास?’ यात मुलांचा दोष नाही. त्यांनी नावाकडून ओळीकडे जायचा सराव केलेला असतो आणि परीक्षेत, वाचनात, सगळीकडे जायचं असतं ते ओळीकडून नावाकडे. म्हणून उजळणीची दिशाच उलटी करायला हवी. आधी ओळ वाचायची, तिच्यात काय घडलंय ते साध्या शब्दांत सांगायचं आणि नाव अगदी शेवटी घ्यायचं.

हा लेख साधारण तिसरी ते आठवीच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी आहे.

आधी यादी छोटी करा

अलंकारांची पूर्ण यादी एका बैठकीत उजळणीला काढू नका. एका तासाला तीन संज्ञा पुरतात, त्याही शक्यतो एकमेकींशी गोंधळ होणाऱ्या. वेगळेपण शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

लहान मुलांसाठी ओळ (म्हणजे चरण), कडवं, ध्रुपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ), यमक, टपटप-सळसळ यांसारखे अनुकरणवाचक शब्द, उपमा आणि चेतनगुणोक्ती (निर्जीवाला माणसासारखं वागायला लावणं) एवढं भरपूर आहे. पाचवी-सहावीपासून अनुप्रास, उत्प्रेक्षा, रूपक, अतिशयोक्ती, श्लेष घ्या. व्यतिरेक, अपन्हुती, अनन्वय, भ्रांतिमान, दृष्टान्त (एखादी गोष्ट पटवायला दिलेला दाखला), लघु-गुरू, गण, रस हे त्यानंतर. एखाद्या चौथीतल्या मुलाने स्वतःहून रूपक पकडलं तर त्याला नाव जरूर सांगा. यादी तुमच्या नियोजनासाठी आहे, त्याला अडवण्यासाठी नाही.

पहिली पायरी: अनोळखी कविता

पाठ्यपुस्तकातली कविता उजळणीला चालत नाही, कारण तिच्यातला अलंकार मुलांना आठवत असतो, ओळखावा लागत नाही. नवी, छोटी, सोपी कविता घ्या. खालची आठ ओळींची कविता मी याच कामासाठी रचली आहे. हवी तशी वापरा.

टपटप टपटप थेंब टपोरे
मोत्यांसम ते पानोपानी,
झरा खळाळत पळता पळता
गूज सांगतो खडकाकानी.

डोंगर म्हणतो, ‘झोपू द्या ना!’
धुके उशाशी हळूच शिरते,
वीज जणू ही सोनलेखणी
काळ्या ढगपाटीवर फिरते.

कविता दोनदा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा तुम्ही, दुसऱ्यांदा मुलं. या वेळी कुणालाही काही विचारू नका. मोठ्याने वाचणं वगळलं तर यमक, अनुप्रास आणि ठेका यांची उजळणी अर्धवटच राहते, कारण या तिन्ही गोष्टी कानाला आधी कळतात.

मग एकच सूचना द्या: ‘जिथे कवीने रोजच्या बोलण्यापेक्षा काहीतरी वेगळं केलंय असं वाटतं, तिथे पेन्सिलीने खूण करा. नाव लिहायचं नाही.’ खुणा चुकीच्या असतील तरी राहू द्या. कोणत्या जागी जास्त मुलं थांबली आणि कोणती जागा सगळ्यांच्या हातून सुटली, हे त्यावरून तुम्हाला कळतं. तासाचा पुढचा भाग त्यावरच बेतायचा आहे.

दुसरी पायरी: तीन प्रश्न

प्रत्येक खुणेला तीन प्रश्न विचारायचे, याच क्रमाने. नेमका कोणता शब्द? तिथे काय घडलंय? तो शब्द बदलला तर काय जाईल?

‘मोत्यांसम ते पानोपानी’ घेऊ. नेमका शब्द ‘मोत्यांसम’. घडलं काय, तर थेंबांना मोत्यांच्या शेजारी आणून बसवलंय. बदललं तर? ‘थेंब होते पानोपानी’ म्हटलं तर बातमी कळते, पण थेंबांची चमक आणि गोलाई गेली. एवढं मुलाने बोलून झालं की मगच विचारा, ‘याला आपण काय म्हणतो?’ आता ‘उपमा’ हा शब्द त्याच्या तोंडून आपसूक येतो, आणि आला नाही तर तुम्ही सांगा. व्याख्येतले चार भागही इथेच जागेवर बसतात. थेंब हे उपमेय, मोती हे उपमान, ‘सम’ हा साम्यवाचक शब्द. आणि साधारण धर्म, म्हणजे दोघांतला सारखा गुण? तो ओळीत लिहिलेलाच नाही. ‘टपोरे’ कडे कुणी बोट दाखवलं तर त्याचं कौतुक करा, चमक म्हणणाऱ्याचंही करा. न लिहिलेला धर्म वाचणाऱ्याने भरायचा असतो, हे मुलांना इथे छान कळतं.

तिसरा प्रश्न मुलांना सुरुवातीला जड जातो. तरी तो सोडू नका. अलंकार दागिन्यासारखा वरून चिकटवलेला असतो ही समजूत त्याच प्रश्नाने सुटते.

तिसरी पायरी: एकच जोडी, अनेक रूपं

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो इथे. उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांतला घोळ वेगवेगळी उदाहरणं देऊन सुटत नाही, उलट वाढतो. कारण एका वाक्यात चंद्र, दुसऱ्यात सागर, तिसऱ्यात फूल आलं की मुलं वस्तू लक्षात ठेवतात आणि रचना विसरतात. वस्तू तीच ठेवा आणि फक्त रचना बदला. ढग आणि कापूस ही जोडी घेऊ.

फळ्यावर आधी तीन वाक्यं लिहा.

ढग कापसासारखा शुभ्र आहे.
ढग म्हणजे जणू पिंजलेला कापूसच!
आभाळभर हा ढग-कापूस विखुरला.

विचारा, ‘या तीन वाक्यांत ढग आणि कापूस किती जवळ आलेत?’ पहिल्यात दोघं शेजारी उभे आहेत, पण दोन वेगळे आहेत. दुसऱ्यात ढग हा कापूसच असावा असं वाटू लागलंय, पण ‘जणू’ने थोडी फट ठेवलीय. तिसऱ्यात फटच उरली नाही. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. मुलांनी दोन तळहात हळूहळू जवळ आणत नेऊन हे दाखवलं तरी चालेल. सहावीपर्यंतच्या मुलांना ते आवडतं आणि परीक्षेतही हाताची ती हालचाल आठवते.

मोठ्या वर्गात याच रांगेत पुढे जा. ‘हा ढग नव्हे, हा तर पिंजलेला कापूस!’ इथे ढग असणंच नाकारलं, ही अपन्हुती. ‘ढग कापसाहूनही शुभ्र’ यात ढग पुढे निघून गेला, हा व्यतिरेक. ‘ढगासारखा ढगच!’ म्हणजे जोडीला दुसरं कुणी सापडलंच नाही, हा अनन्वय. ‘हा ढग म्हणावा की कापूस?’ असं मन दोन्हीकडे हिंदकळत राहिलं तर ससंदेह. आणि ‘कापूस समजून चिमणीने ढगाकडे घरट्यासाठी चोच पुढे केली’ यात चूक नुसती मनात राहिली नाही, तिच्याप्रमाणे कृतीही झाली, हा भ्रांतिमान. ससंदेह आणि भ्रांतिमान यांतला फरक एवढाच धरून ठेवायला सांगा: एकात प्रश्न उरतो, दुसऱ्यात चुकीचं उत्तर पक्कं झालेलं असतं.

हे झालं की जोडी मुलांना निवडू द्या. डोळे आणि तळं, रात्र आणि शाई, आजीचा हात आणि जुनं पान. गटात एका मुलाने उपमा करायची, वही पुढच्याकडे द्यायची, त्याने त्याच जोडीची उत्प्रेक्षा करायची, तिसऱ्याने रूपक. रूपकाशी मुलं अडतात. अडली की सांगा, ‘सारखा, सम, जणू, वाटे यांतला एकही शब्द वापरायचा नाही, आणि एक वस्तू दुसरीचं काम करतेय असं लिहायचं.’ ‘रात्रीची शाई खिडकीतून आत सांडली’ असं वाक्य त्यातूनच निघतं.

शब्द दिसला म्हणजे अलंकार झाला असं नाही

‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ही युक्ती बहुतेक मुलं वापरतात. ती सुरुवातीला उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा उजळणीतच दाखवून द्या. ‘तो सारखा बोलतो’ यात ‘सारखा’ म्हणजे सतत. ‘आम्हा दोघांच्या वह्या सारख्या आहेत’ ही माहिती आहे. ‘ती तिच्या बहिणीसारखी उंच आहे’ यात तुलना आहे खरी, पण दोन्ही बाजूंना माणसंच, आणि सौंदर्य काही नाही. उपमेत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एखाद्या गुणामुळे जवळ येतात आणि त्या जवळ येण्यात गंमत असते. फसवी वाक्यं आणि खरी उपमा मिसळून आठ-दहा वाक्यांची पट्टी तयार ठेवा. हा सराव मुलांना चुरशीचा वाटतो.

चेतनगुणोक्तीत असाच एक खड्डा आहे. ‘घड्याळ चालतं’, ‘रस्ता डोंगराकडे जातो’ ही रोजची भाषा झाली. त्यात निर्जीवाला जिवंत केल्याची जाणीव बोलणाऱ्याला नसते. आपल्या कवितेत झरा ‘पळतो’ एवढ्यावर थांबलं असतं तर मीही विचार केला असता. पण तो गूज सांगतो, खडकाला कान आहेत, डोंगर झोपू द्या म्हणून विनवतो. ही मुद्दाम केलेली गोष्ट आहे. ‘हे माणसाचंच काम आहे का? आणि कवीने ते मुद्दाम दिलंय का?’ या दोन प्रश्नांवर मुलं बरोबर निवाडा करतात.

अतिशयोक्तीबद्दल फार सांगायला लागत नाही, मुलं ती दिवसभर वापरत असतात. ‘ढग इतका हलका, की मुंगीने फुंकर मारली आणि तो क्षितिजापार गेला’ असं एक वाक्य द्या आणि पुढची त्यांना बोलू द्या. उलट टोकाला स्वभावोक्ती आहे. वासरू आईकडे धावताना कसं दिसतं, मांजर अंग कसं ताणते, याचं हुबेहूब वर्णन. मुलांना वाटतं यात काहीच अलंकार नाही. नीट पाहणं हीसुद्धा कवीची करामत आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.

चौथी पायरी: समानार्थी शब्दाची कसोटी

शब्दालंकार आणि अर्थालंकार हा भेद पाठ करून घेण्याऐवजी एक प्रयोग करून घ्या. ओळीतला शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा ठेवायचा. गंमत टिकली तर ती अर्थात होती, गेली तर शब्दात.

‘मोत्यांसम’च्या जागी ‘मौक्तिकांसारखे’ घाला. लय बिघडेल, पण उपमा जागच्या जागी आहे. आता ‘टपटप टपटप थेंब टपोरे’ यात ‘थेंब टपोरे’च्या जागी ‘बिंदू मोठे’ म्हणून पाहा. ट आणि प यांची पुन्हा पुन्हा होणारी थाप विरळ झाली. तो अनुप्रास होता. श्लेषाचं एक वाक्य बघा: ‘वाऱ्याने पाने चाळली.’ झाडाची की वहीची? दोन्ही. ‘पाने’ऐवजी ‘पर्णे’ लिहिलं की वही नाहीशी होते. श्लेषासाठी मुलांकडून दोन अर्थांच्या शब्दांची यादीच करून घ्या. पान, वर, कर, तीर, माळ, हार… यादी वर्गाच्या भिंतीवर वाढत राहू दे.

यमक आणि अनुप्रास यांचा गोंधळ जागेचा आहे. यमकाला ठरलेली जागा लागते, बहुधा ओळीचा शेवट: पानोपानी-कानी, शिरते-फिरते. अनुप्रासाला ठरलेली जागा नसते, अक्षर शब्दाच्या सुरुवातीलाच यावं असंही नाही. कवितेतल्या यमकाच्या जोड्यांना एका रंगाने आणि अनुप्रासाच्या अक्षरांना दुसऱ्या रंगाने वर्तुळ करायला सांगा. पानावर रंग कुठे पडलेत यावरूनच फरक डोळ्यांत भरतो. आणखी एक: पहिल्या कडव्यात यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं आहे, पहिल्या आणि तिसऱ्याचं नाही. यमक लागोपाठच्या ओळींतच असतं असं मानणारी मुलं इथे अडखळतात. ती जागा त्यांना स्वतःलाच शोधू द्या.

पाचवी पायरी: ठेका

वृत्ताची, म्हणजे कवितेच्या मोजलेल्या चालीची, भीती मोजायला लागल्यावर बसते, म्हणून मोजणी उशिरा आणा. आधी टाळ्या. आपली कविता टाळीवर म्हणून घेतली की प्रत्येक ओळ मधोमध दुभंगते हे मुलांना ऐकू येतं: ‘टपटप टपटप । थेंब टपोरे’. मग सांगा, ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. अ, इ, उ, ऋ या स्वरांची अक्षरं लघू. दीर्घ स्वराची, अनुस्वार किंवा विसर्ग असलेली गुरू. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर उच्चारताना त्यावर आघात पडत असेल तर तेही गुरू, जसा ‘पत्ता’मधला ‘प’. आघात नसेल तर लघूच राहतं, जसा ‘तुझ्या’तला ‘तु’. म्हणून कागदाकडे बघून नव्हे, उच्चारून ठरवायचं. या कवितेच्या प्रत्येक ओळीत १६ मात्रा आहेत, आठ-आठच्या दोन भागांत. मुलांनी मोजून पडताळलं की त्यांना फार आनंद होतो, आणि कुणाची मोजणी चुकली तर कोणत्या अक्षरावर ते लगेच सापडतं.

गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे लघू-गुरू गट, मोठ्या मुलांसाठी. यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा हे आठ शब्द पाठ असले की आठही गण हाताशी आले, कारण प्रत्येक शब्द स्वतःच त्या गणाचा नमुना आहे. मग एक ओळ फोडून दाखवा: ‘निळ्या या । नभाला । ढगांची । किनारी’. चारही तुकडे ‘यमाचा’सारखे, लघू-गुरू-गुरू. चार ‘य’ गण, १२ अक्षरं, म्हणजे भुजंगप्रयात. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे ज्या मुलांनी ते म्हटलेत त्यांना चाल लगेच सापडते. त्या चालीत ही ओळ म्हणायला सांगा.

अभंगात मात्रा नव्हे, अक्षरं मोजतात. छोट्या अभंगाच्या दोन चरणांत आठ-आठ अक्षरं आणि शेवटी यमक: ‘पाऊस हा आला दारी । माती गंधाळली सारी’. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. बोटांवर मोजता येतं म्हणून पाचवीची मुलंही हे सहज करतात, आणि वृत्तांपेक्षा मी यालाच आधी हात घालेन.

बोलतंय कोण, आणि कशाबद्दल?

अलंकारांच्या नादात काही साध्या संज्ञा मागे पडतात. कवितेतला ‘मी’ आणि कवी हे एकच नसतात. ‘मी झाड आहे, मला तोडू नका’ अशी कविता असेल तर बोलतंय झाड. उत्तरात ‘कवी म्हणतो, मला तोडू नका’ असं लिहिलं जातं, ते इथेच थांबवा. गोष्टीत याच जागी निवेदक असतो, आणि लेखकाहून तो वेगळा असू शकतो.

विषय आणि मध्यवर्ती कल्पना यांसाठी सोपी खूण: विषय एका-दोन शब्दांत सांगता येतो, मध्यवर्ती कल्पनेला पूर्ण वाक्य लागतं. आपल्या कवितेचा विषय पाऊस. मध्यवर्ती कल्पना मात्र अशी काहीतरी: पावसाळ्यात निसर्गातली प्रत्येक गोष्ट माणसासारखी वागू-बोलू लागते. मुलाचं वाक्य याहून वेगळं असेल आणि ते ओळींच्या आधाराने पटवून देत असेल, तर ते बरोबर.

रसांमध्ये, म्हणजे कविता वाचताना मनात जागणाऱ्या भावांमध्ये, दोन जोड्या घासून घ्या. वीर रसामागे उत्साह असतो, रौद्रामागे क्रोध. भयानकामागे भय, बीभत्सामागे किळस. एकाच प्रसंगाची दोन वाक्यं लिहून भाव बदलायला लावलं की हे पक्कं होतं. शृंगार, करुण, हास्य, अद्भुत, शांत हे उरलेले पाच. कुठे आठ रस वाचायला मिळाले तर मुलं गोंधळतात. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींच्या जुन्या मांडणीत आठच होते आणि शांत रस नंतर धरला गेला, एवढं सांगितलं की पुरे.

तपासताना

उजळणीची चाचणी घ्या, पण ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न तिच्यात कमीत कमी ठेवा. चार नव्या ओळी, प्रत्येकीखाली तीनच जागा: कोणता शब्द, काय घडलं, नाव काय. नाव चुकलं पण पहिल्या दोन जागा बरोबर असतील तर बहुतांश गुण द्या. उलट नाव बरोबर आणि शब्द दाखवता आला नाही, तर त्या मुलासोबत पुन्हा एकदा ओळ मोठ्याने वाचा.

एका ओळीला दोन उत्तरं येणार, त्याची तयारी ठेवा. ‘वीज जणू ही सोनलेखणी / काळ्या ढगपाटीवर फिरते’ यात कुणी उत्प्रेक्षा म्हणेल, कुणी रूपक. दोघांनाही शब्द दाखवायला सांगा. पहिला ‘जणू’वर बोट ठेवेल, दुसरा ‘ढगपाटी’वर, कारण तिथे ढग आणि पाटी एकच झालेत. दोघंही बरोबर आहेत. आणि कुणी ‘टपटप’ हा अनुकरणवाचक शब्द की अनुप्रास असं विचारलं तर त्यालाच विचारा, ‘टपटप एकटा असता तर? आणि टपोरेच्या शेजारी आल्यावर?’ उत्तर तो स्वतः देईल, थोडा वेळ द्यावा लागेल इतकंच.

शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने स्वतःच्या दोन ओळी लिहायच्या आणि शेजाऱ्याला द्यायच्या. शेजाऱ्याने अलंकार शोधायचा. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला अलंकार शेजाऱ्याला सापडला तर त्या ओळी फळ्यावर लिहा, आणि पुढच्या तासाची उजळणी त्याच ओळींपासून सुरू करा.